खैराचा तिसरा गोळा

गुरुवार, १२ नोव्हेंबर १९४२. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. बेळगाव कॅम्पात गोऱ्या सोल्जरांच्या खेळाच्या शेडीत मष्णू गुडघ्यांवर बसून फळ्यांना अळशीचं तेल चोळत होता. सांबऱ्याहून तो रोज दोन तास चालत येई.

शेड लांब आणि अरुंद होती. एका टोकाला उभं राहून सोल्जर लाकडी गोळा फळ्यांवरून सोडत. दुसऱ्या टोकाला नऊ खुंट्या, त्यांच्यामागे खड्डा. पडलेल्या खुंट्या उभ्या करायच्या आणि गोळा परत पाठवायचा, हे मष्णूचं बावीस वर्षांचं काम. त्याला स्वतः गोळा टाकायची परवानगी नव्हती. पण पूर्वी खड्ड्यात पाठमोरा उभा राहून, नुसत्या आवाजावरून, गोळा कुणी टाकला ते तो सांगे.

दोन वर्षांपासून त्याला ऐकू येत नव्हतं. खुंट्या कानाशी कोसळून कोसळून कान गेले होते. हे फक्त बायकोला, यशोदाबाईला, ठाऊक होतं. गोळा सोडण्याआधी सोल्जर ओरडून इशारा देत. मष्णूच्या आधीच्या माणसाला तो ऐकू आला नाही. त्याचा पाय मोडला आणि त्याच दिवशी काम गेलं. मष्णू तळपायांना लागणाऱ्या फळ्यांच्या थरथरीवर निभावत होता.

शनिवारी लीगचा शेवटचा सामना होता. जुना गोळा फुटला होता आणि लढाईमुळे विलायतेचा माल बंद होता. सार्जंटने खासबागेत लाकूड कातणाऱ्या भरमू कातार्‍याकडून गोळे करवून घेतले आणि त्यातला एक निवडायचं काम मष्णूवर सोपवलं. पलटणीत त्याच्या कानावर सगळ्यांचा भरवसा होता.

लोंढ्याहून आणलेल्या खैराच्या एकाच ओंडक्यातून भरमूने तीन गोळे कातले होते. त्या सकाळी सातला त्याने ते शेडीत पोत्यावर मांडले आणि गप्प बसला. गिऱ्हाइकाने वाजवून बघण्याआधी विकणाऱ्याने मालाविषयी बोलायचं नाही, ही कुंभारांची रीत तोही पाळत असे. अखंड लाकूड खणखणीत वाजतं, आतून चिरलेलं बद्द. मष्णूने मान कलती करून लाकडी मोगरीने एकेक गोळा वाजवला. तिन्ही वेळा हाताला धक्का बसला. बाकी काही नाही.

भरमूला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. पण विचारणं म्हणजे कबुली देणं.

मग शेतकऱ्याच्या घरात बियाणं निवडतात तसं मष्णूने निवडलं: जड ते चांगलं. तिसरा गोळा सर्वांत जड भरला. तो ओंडक्याच्या ऐन गाभ्याचा होता, आणि गाभ्याचं लाकूड वाळताना आतून चिरतं. मष्णू गोळा कोनाड्यात ठेवत असताना भरमूने मागून काहीतरी विचारलं. पाठमोरा मष्णू फडक्याने गोळा पुसत राहिला.

शुक्रवारच्या सरावात गोळा सरळ धावला. शनिवारी चौथ्या फेकीला तो वाटेतच दुभंगला. एक तुकडा फळ्यांवर पालथा पडला, दुसरा डगमगत खड्ड्यात आला. सार्जंटने तीनदा हाक मारली. मष्णू खुंट्या उचलत होता. शेवटी सार्जंट चालत गेला आणि त्याने खांद्यावर हात ठेवला. मष्णू दचकला. सार्जंटला कळायला तेवढं पुरलं.

रविवारी दुपारी भरमू सांबऱ्याला आला. समोर बसून एकेक शब्द सुटा सुटा बोलला.

"आण्णा, तिसरा बद्द वाजत हुता."

मष्णू त्याच्या ओठांकडे बघत होता. "मी वाजीवला की."

"वाजीवलास. ऐकलास न्हाईस. पर तू बावीस वर्सं कान लावल्याला मानूस. तू घेतलास म्हनून मी माझाच कान खोटा धरला."

"इचारायचं हुतंस."

"इचारलं की. तुझी पाठ हुती."

चुलीपाशी बसलेली यशोदाबाई म्हणाली, घरात ताट आपटल्यालं कळंना, आणि ह्ये गोळं निवडाय गेलते. तिची पाठ मष्णूकडे होती. त्याला ते कळलं नाही.

भरमूचे उरलेले दोन्ही गोळे स्टोअरच्या कारकुनाने शनिवारीच वाजवून ठेवून घेतले होते. दोन्ही चांगले निघाले. सामना पुढच्या शनिवारी पुन्हा होणार होता.

उद्या सोमवार. शेड सहाला उघडते. बावीस वर्षं मष्णूच्या कमरेला असलेली किल्ली आता कारकुनाकडे आहे.