ओघळलेला माल

ती घटना आठवली, की आजही मी खुर्चीतून उठतो आणि पंखा बंद करतो. बायको म्हणते, एवढ्या उकाड्यात हे काय खूळ! तिचंही बरोबर आहे.

कोथरूडमधल्या एका क्लासच्या दारावर, स्लॅबला खालून टांगलेला लोखंडी बोर्ड बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी कोसळला. खाली बसलेल्या वॉचमनचा पाय कायमचा गेला. छतात भोकं पाडून, त्यात रेझिनचा चिकट माल भरून बोल्ट बसवणारा फिटर विदर्भातून आलेला होता. निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल करून मी त्याला अटक केली. गुन्हा जामीनपात्र होता, पण परगावच्या मजुराला जामीन कोण राहणार? तो आतच राहिला.

चौकशीत त्याने एकच धोशा लावला होता. "साहेब, माल भोकात थांबतच नव्हता जी. खाली ओघळत होता. तीनदा भरला. हा माल बनवणाऱ्या कारखान्याच्या मालकांना फोन केला, तर म्हणाले, माल बरोबर आहे."

"मग बोल्ट बसवलेसच कशाला?"

मी जबाब लिहिणाऱ्या हवालदाराला म्हणालो, "ही मालाची बडबड सोडा. बोल्ट यानेच बसवले, एवढं लिहा."

चौथ्या दिवशी त्याची बायको पिशवीतून एक डबा घेऊन आली. "त्या कामातला उरलेला माल आहे साहेब. भिंतीला लावून तर पाहा."

तिला वाटेला लावण्यासाठीच मी तो ठाण्यामागच्या भिंतीला फासला. माल सरळ जोत्यापर्यंत उतरला. त्याच कारखान्याचा, पण वेगळ्या तारखेला बनवलेला डबा मागवून शेजारी लावला, तो जागचा हलला नाही. पंचनामा करून डबा सील केला आणि थेट कारखाना गाठला.

मालक वयस्कर, नेटके. म्हणाले, "रेझिन छताला धरून राहावं म्हणून त्यात सिलिकाची पूड घालतात. अहो, वजन करूनच घातली आहे. आमच्या रजिस्टरला आजवर कोणी बोट लावलेलं नाही." रजिस्टर खरोखरच चोख होतं.

"मग माझ्यासमोर एकदा करून दाखवा," मी म्हणालो.

त्यांनी परातीत पूड मोजली. कापसाच्या तुसासारखी हलकी. तेवढ्यात माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, घामाघूम झालात की आपण!" आणि पंखा लावला. परातीतली पूड उठली. माझी वर्दी, त्यांचा चष्मा, सगळं पांढरं. त्यांचा हात बटणावरच राहिला.

"तो माल बनवला त्या दिवशी आमचे व्याही आले होते," ते हळूच म्हणाले. "त्यांच्यासाठी पंखा लावला. पूड घालताना पंखा लावू नका, हे मीच कामगारांना शिकवतो हो."

प्रयोगशाळेच्या अहवालातही त्या डब्यात पूड कमीच निघाली आणि फिटरचं नाव वगळलं गेलं. संशयिताचं बोलणं आपल्याला बडबड वाटलं, तरी त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं, हे मी त्यानंतर प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला सांगत आलो. ते मला कशामुळे कळलं, हे मात्र कधी सांगितलं नाही.

मालकांविरुद्धच्या पुराव्यासाठी फिटरचा पुरवणी जबाब घ्यावा लागला, कारण पहिल्या जबाबात ओघळण्याचा शब्दही नव्हता. तो समोर बसला, कोऱ्या कागदाकडे बघत राहिला, मग त्याने विचारलं, "साहेब, आता लिहून घ्याल ना जी?"

मी हवालदाराच्या हातातलं पेन घेतलं. मान वर करून त्याच्याकडे बघणं मला जमलं नाही.