आमच्या गोठ्यात गोचीड नाही

धुळ्याजवळच्या आमच्या गावात कुणाच्या बापाला शिवी दिली तर चार दिवसांत मिटतं. गोठ्यात गोचीड आहे म्हटलं तर मिटत नाही. गोचीड म्हणजे आळशी घर, घाणेरड्या बाया, आणि त्या घरात मुलगी द्यायची नाही. माझ्या सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणतं. ते पारावर बसून छाती पुढे काढून सांगायचे, "आम्हना गोठामा गोचीड नही." गोठा झाडत होते मी. भिंतीच्या भेगांत काय वळवळतं ते मला ठाऊक होतं. मी विषय काढला की आबा खाकरायचे आणि विषय संपायचा.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी आमची तांबडी गाय खायची थांबली. गाभण होती, दिवस भरत आले होते. अंग तापलेलं, शेण वाळक्या गोवरीसारखं, दोन पावलं टाकली की धापा. ओठ उलटून पाहिला तर हिरड्या पांढऱ्याफटक. आबांचं निदान तयारच होतं. "नजर लागी गयी." कुणाची, तेही ठरलं. शेजारच्या नानांची, कारण जाता-येता त्यांनी कास पाहून "वा!" म्हटलं होतं. मीठ-मिरच्या ओवाळल्या. गळ्यात एक काळा दोरा होताच, त्यावर दुसरा चढला. गाय आणखी खंगली. मला तिच्याकडे बघवेना. शेवटी कुणाला न विचारता मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं, "गोचीड आहे का?"

आबा ताडकन उठले. "आम्हनाकडे? नावले बी सापडाव नही."

डॉक्टरांनी गाईच्या गळ्यातला काळा दोरा बोटानं वर उचलला. खाली गोचिडी ओळीनं बसलेल्या, रक्त पिऊन एरंडीएवढ्या फुगलेल्या. नजरेपासून त्यांचं तरी चांगलं रक्षण झालं होतं. आबांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "ह्या आम्हन्या नहीत. कोठून तरी उन्या व्हतीन." पाहुण्या असतील तर चहा टाकते, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

डॉक्टरांनी कानातून रक्त घेतलं, तपासायला धुळ्याला पाठवलं आणि लगेच इंजेक्शनं सुरू केली. ॲनाप्लाझ्मा निघाला. गोचिडीच्या चाव्यातून शिरणारा जंतू, रक्तातल्या तांबड्या पेशीच संपवतो. गाय वाचली. वासरू मेलेलं पडलं. अंगावर पूर्ण केस आलेली कालवड होती ती. मी गोठ्यातच बसून रडले. आबांनीही धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मग पारावर जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "पिलाझमा व्हयना व्हता. रगत धुळ्याले तपासं." रोगाचं इंग्रजी नाव त्यांना फार आवडलं. गोष्टीतून गोचीड तेवढी गाळली.

डॉक्टरांनी बजावलं होतं की गाय बरी झाली तरी जंतू तिच्या रक्तात राहतो, आणि गोचीड तो शेजारच्या म्हशीत नेऊन सोडते. आमची म्हैसही गाभण होती. म्हणून डॉक्टरांनी ग्रामपंचायतीसमोर गोचीड मारायच्या फवारणीचं शिबिर ठेवलं. अख्खं गाव आलं, जनावरं सोडून. पुरुष मंडळी पंपाभोवती उभी राहून डॉक्टरांना सल्ले देत होती. प्रत्येकाचं एकच, आमच्याकडे नाही, पण अमक्याच्या गोठ्यात जाऊन बघा. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून.

माझं डोकं फिरलं. घरी आले, गाय सोडली, म्हैस सोडली आणि भर गल्लीतून निघाले. पारावर आबा बसलेले. कुणीतरी विचारलं, "आबा, सून गाय-म्हैस लिसन कोठे चालनी?"

आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माहेरले," ते म्हणाले. "घरमा भांडन व्हयनं."

माझं माहेर यावलला. दोन जनावरं हाकत मी तापी ओलांडून यावल गाठणार, हे त्यांना चालत होतं. सून घर सोडून गेली ही बेअब्रू परवडली, गोचीड परवडली नाही. मला ते फार झोंबलं. मी तिथेच थांबले आणि साऱ्या पाराला ऐकू जाईल असं म्हटलं, "आबा, भांडण नाही. आपल्या गोठ्यात गोचिडी आहेत. त्यांनीच आपली कालवड खाल्ली."

त्या दिवशी दोनच जनावरांवर फवारणी झाली, दोन्ही आमची. गोठ्याच्या भेगांतही औषध मारून घेतलं. तेव्हापासून गावाचं एकमत आहे की गोचीड फक्त आबांच्या घरी.

म्हैस सुखरूप व्याली, रेडकू धडधाकट आहे. रीतीप्रमाणे मी घरोघरी चीक पाठवला. सगळी भांडी भरलेलीच परत आली, गोचिडीच्या घरचा नको म्हणून. मग मी त्या सगळ्या चिकाचा खरवस केला. आबांनी तीनदा मागून घेतला, मान खाली घालून.