तिसरा अंगठा

लास्मिनीबाई, आमच्या बोलीत बू लास्मिनी, माणूस म्हणून सोनं, पण कारखान्यात तिची ख्याती काय, तर शिष्ट. का? तर वडीलधाऱ्यांच्या मेसेजला ती पटकन अंगठा देत नाही.

हसू नका. जावा बेटावरच्या आमच्या तेगलच्या या सोया सॉसच्या कारखान्यात माणसाची लायकी त्यावर ठरते. मोठ्या साहेबांनी कागदी परवाने बंद केले आणि मोबाईलवर कारखान्याची स्वतःची भिंत उघडली, फेसबुकसारखीच. लग्नाचे फोटो तिथेच, पोरांचे वाढदिवस तिथेच आणि कामाची परवानगीही तिथेच. यंत्राची दुरुस्ती झाली की मुकादमाने भिंतीवर लिहायचं, कोणत्याही तिघांनी अंगठा द्यायचा, की बॉयलरच्या खोलीत हिरवी खूण उमटते आणि तिथली बाई यंत्र चालू करते. सह्यांसाठीची वणवण वाचली, हे मान्य. पण साहेब शहरात वाढलेले, त्यांना एवढं कळू नये? आमच्याकडे वडील माणसाच्या बोलण्याला उत्तर न देणं म्हणजे तोंडावर दार लावणं. लोक अंगठा देतात तो मान राखायला. कोण जाऊन तपासतो?

लास्मिनी तपासायची. उकळणीचं खातं तिच्याकडे. शिडी चढून कढईत डोकावल्याशिवाय तिचा अंगठा उठत नसे.

"बू लास्मिनीचा अंगठा भलताच महाग हो," बुधवारी जेवताना मुकादम पाक दार्सोनो, म्हणजे आमचे दार्सोनोकाका, सगळ्यांदेखत म्हणाले. "आम्ही मेल्यावर मिळेल बहुतेक."

"नाही पाक, तेव्हाही आधी येऊन बघतील, खरंच गेलात का ते," कोणीतरी भर घातली.

सगळे खिदळले. लास्मिनीही हसली, पण डबा अर्धाच ठेवून उठली. तिला इथे चिकटवलं दार्सोनोंनीच. नवऱ्याच्या मयतीला पहिला खांदा त्यांचाच होता. अशा माणसाला आपण दुखावलं, हे तिला फार लागलं.

शुक्रवारी दुपारच्या नमाजाला पुरुषमंडळी मशिदीकडे निघाली होती. लास्मिनी गोदामात माडाच्या गुळाच्या ढेपा बघत होती. मोबाईल वाजला. दार्सोनोंनी लिहिलं होतं, "देवाच्या कृपेने दोन नंबरच्या कढईचं काम पार पडलं. तुमिरानने फार कष्ट घेतले. त्याचे आणि सर्वांचे आभार." खाली दोन अंगठे आलेसुद्धा होते. ते कोणाचे, हे तिने पाहिलं नाही. एकदा तरी म्हाताऱ्याचं मन राखू, असं म्हणून तिने उभ्या जागेवरून अंगठा देऊन टाकला. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते काही उगाच नाही.

अंगठा दिला आणि तिलाच चैन पडेना. निदान आता तरी बघून येऊ म्हणून ती कढयांच्या शेडकडे निघाली. शेड रिकामी होती. दोन नंबरच्या शिडीपाशी तुमिरानच्या चपला होत्या.

नमाजाला हा अनवाणी गेला? तिने वर पाहिलं. कढईच्या तोंडातून उजेड हलत होता.

तेवढ्यात यंत्र सुरू होण्याआधीची घंटा वाजली. घंटा थांबली की आतलं ढवळणारं पातं फिरतं. दोन पुरुष उंचीची कढई, आणि पातं तळापर्यंत गेलेलं.

"तुमिरान, वर ये. वर ये रे!"

घंटेच्या आवाजात तिचं तिलाच ऐकू येईना. शिडी चढायला वेळ नव्हता. लाल बटण शेडच्या पलीकडच्या खांबावर, आणि मध्ये सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी. ती पोत्यांवरून धावली, घसरली, गुडघा फुटला, उठली. घंटा थांबली. मागे लोखंड करकरलं. तिने दोन्ही हातांनी बटणावर जोर दिला.

पातं थांबलं. आतून आवाज नाही. ती शिडी चढू लागली. देवा, माझा हात झडला का नाही, असं ती पुटपुटत होती.

"बू," खालून कण्हल्यासारखं आलं. "पाय. पाय अडकलाय."

तिच्या जिवात जीव आला आणि तिथेच शिडीवर ती ढसाढसा रडली.

संध्याकाळी इस्पितळाच्या बाकावर दार्सोनो खाली मान घालून बसले होते. "एकच बोल्ट राहिला होता," ते सारखं म्हणत होते. "नमाजाआधी आभार मानून टाकावेत म्हटलं."

 लास्मिनी आत गेली. तुमिरानचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. बायको उशाशी भात कालवत होती. लास्मिनीने दोघांसमोर हात जोडले.

"तिसरा अंगठा माझा होता. न बघता दिला. तुझा जीव माझ्यामुळे जात होता, तुमिरान. मला शिव्या दे, पण गप्प राहू नकोस."

तुमिरानने बायकोकडे पाहिलं, मग छताकडे.

"पहिला हिशेबखात्यातल्या सुहार्तीचा होता," तो म्हणाला. "दुसरा कोणाचा ते बघितलंत का, बू?"

"नाही."

"माझा." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "उजेडासाठी मोबाईल कढईत नेला होता. पाक दार्सोनोंनी माझं नाव घेऊन आभार मानले होते. उत्तर न देणं बरं दिसलं नसतं."