खारातले आंबे

जे मी आजवर कुणापाशी बोललो नाही, ते ऐकायला अगदी क्षुल्लक आहे. एक बरणी नासली, इतकंच. रत्नागिरीत दर पावसाळ्यात कुणाची ना कुणाची नासते. मग मी इतकी वर्षं गप्प का राहिलो? क्षुल्लक होतं म्हणून? की नव्हतं म्हणून?

आमच्याकडे वैशाखात आंबे खारात घालत. झाडावरून अलगद उतरवलेले कच्चे रायवळ. खाली पडलेला एकही नको. आई ते पुसून सावलीत सुकवी, मिठाचं पाणी उकळून पार निववी, आंबे तरंगू नयेत म्हणून वर दगड ठेवी आणि बरणीच्या तोंडाला दादरा बांधी. ते फडकं सोडायचा मान तिचा एकटीचा. रेशनचे दिवस होते. आषाढ-श्रावणात भाजी दिसायची नाही. पेजेशी लावायला तोच आंबा. ती बरणी म्हणजे आमचा अख्खा पावसाळा होता.

त्या वर्षी आषाढात आई देवरूखला गेली, मावशी आजारी होती म्हणून. मी कचेरीत कारकून, नुकतं लग्न झालेलं. आणि सुमती, माझी बायको, नेमकी तेव्हाच बाजूला बसली. म्हणजे मागल्या पडवीत, कशाला शिवायचं नाही. तेव्हा घरोघर तसंच होतं. पेज मीच रटरटवली. आंबा काढायला बरणीपाशी गेलो, तशी ती दाराशी आली, उंबऱ्याबाहेरच थांबली.

"अहो, हात कोरडे आहेत ना? खाराला थेंबभर कच्चं पाणी चालायचं नाही हो."

"पुसले गो."

"नक्की ना? नाहीतर आई मला माहेरी धाडतील नि तुम्हांला जन्मभर पेज रांधावी लागेल!" आणि हसली.

पुसले नव्हते.

लिहिलं एकदाचं. विहिरीवरून तसाच आलो होतो, मनगटावरून पाणी निथळत होतं. पंचा खांद्यावरच होता. भूक लागली होती — पण भूक काही हात पुसण्याच्या आड येत नाही. कंटाळा केला, बाकी काही नाही. हात कोपरापर्यंत आत घातला.

आईने परत आल्यावर दादरा सोडला. वर पांढरी बुरशी, आणि असा वास, की तिने पदर नाकाला लावला. आंबे हातात धरवेनात, नुसते गिळगिळीत.

"कोण शिवलं गो बरणीला?"

"मी नाही शिवले, आई," सुमती म्हणाली. "पण... बाहेरची होते तेव्हा दारात उभी राहिले होते. सावली पडली असेल माझी."

तिला कुणी विचारलं होतं सावलीचं? खरं बोलायची सवय होती तिला, तेवढंच. आई माझ्याकडे वळली. "काय रे, होती ही दारात?"

"होती," मी म्हणालो.

यात खोटं काय होतं? काहीच नाही — तेच तर. मी एक खरं वाक्य बोललो आणि तिला त्याखाली गाडली. सुमतीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला संशय आलाच नव्हता. हात पुसले, असं मी सांगितलं होतं ना?

आंबे तिनेच परसात खड्डा करून पुरले, भर पावसात. मी ओटीवर बसून होतो.

पुढे आळीत बोलणं झालं. कुणाकडे लोणच्याच्या फोडी करायला बायका जमल्या, की शेजारच्या काकू म्हणत, "सुमतीला लांबूनच दाखवा हो बरणी, नाहीतर बुरशीची दाढी फुटेल बरणीला!" सगळ्या हसत. एकदा मीही तिथे होतो. मीही हसलो.

तरीही हे इथवरच राहिलं असतं, तर कदाचित मी लिहिलं नसतं. आमचा पहिला मुलगा तान्हाच तापाने गेला. त्यानंतरची एक दुपार. ती पाळण्याची दोरी सोडवत होती. मध्येच थांबून आपल्या तळव्यांकडे बघत म्हणाली, "माझा गुणच वाईट. माझ्यापाशी काही टिकत नाही. आंबे नाहीत, की..."

मी हातभर अंतरावर होतो. तेव्हा तरी? तेव्हा तरी सांगायला काय लागत होतं? आई आत निजली होती. भीती म्हणावी तर तिचीही नव्हती. मी म्हणालो, "जरा पड तू." आणि दोरीची गाठ सोडवू लागलो.

आई जाऊनही आता बराच काळ लोटला. दादरा आता आमची मुलगी सोडते, आंबेही तीच घालते. सुमती लांब बसून सांगते — "मीठ घाल गो अजून... पाणी निवलं का बघ..." पोरगी म्हणते, "आई, तूच ये ना, बघ तरी!" ती येत नाही. सावली कुठे पडते आहे ते बघून पाट मागे सरकवते. मी हे दर वैशाखात बघतो.

लोक मला सज्जन म्हणतात. सुमतीही म्हणते.

तुम्हांला आज कळलं. तिला अजून ठाऊक नाही. तिच्या हाताला, तिच्या सावलीला कधीच काही झालेलं नव्हतं — हे तिच्यासमोर बसून, माझ्या तोंडाने सांगणं, एवढं मी तिचं देणं लागतो.