पडद्यावर मरणारे ओपा

नवरा गेला त्या हिवाळ्यात मला रडू आलं नाही. जर्मनीतल्या डार्मश्टाट गावच्या हॉस्पिटलातून त्याचा कोट हातावर घेऊन ट्रामने घरी आले, कपडे मशीनला लावले आणि पंधरवड्यातच लॅबमध्ये परत रुजू झाले. पुण्याहून सासूबाई फोनवर म्हणायच्या, "अगं, एकदा मोकळी हो." मी "हो आई" म्हणायचे. पण मोकळं व्हायला आत काही साठलेलं तर हवं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक इंग्रज गृहस्थ राहायचे. नव्वदी ओलांडलेली, पाठ मात्र ताठ. माझी चौदा वर्षांची मुलगी त्यांना ओपा, म्हणजे आजोबा म्हणायची, म्हणून मीही. ओपा तरुणपणी इंग्लंडमध्ये सिनेनट होते. पन्नासच्या दशकात तिकडे युद्धपट धडाधड निघत होते, आणि वर आलेली गालफडं, फिकट डोळे यांमुळे ओपांना दर वेळी जर्मन अधिकाऱ्याचंच काम मिळायचं. जर्मन तर येत नव्हतं. मग स्टुडिओने उच्चार शिकवायला एक जर्मन मुलगी नेमली. ती इथलीच, डार्मश्टाटची. तिचं घर आणि आई, दोन्ही इंग्रजांच्या बॉम्बहल्ल्यात गेलेली.

"तिने मला गोळीबाराचा हुकूम नीट द्यायला शिकवलं," ओपा सांगायचे, "आणि मग माझ्याशी लग्न केलं."

युद्धपटांची लाट ओसरली तशी कामं आटली. बायको म्हणाली, आता माझ्या गावी चल. इथे येऊन ते संध्याकाळच्या वर्गांत इंग्रजी शिकवत राहिले. ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

मार्चमध्ये गावातल्या एका छोट्या थिएटरात जुने ब्रिटिश सिनेमे लावले होते. ओपा आमच्या दारात येऊन उभे राहिले. "रविवारी दुपारी माझा एक आहे. एकट्याला ट्रामचं जमत नाही. याल का बरोबर?" नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही, म्हणून मी हो म्हटलं. मुलगीही आली.

थिएटर जवळजवळ रिकामं होतं. अर्ध्या सिनेमानंतर पडद्यावर टोपी, हातमोजे घातलेला एक तरुण आला. "किती देखणे होते!" मुलगी जर्मनमध्ये माझ्या कानात पुटपुटली. त्या तरुणाने ओरडून हुकूम सोडला. मागच्या रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. "उच्चार चुकलाच," ओपा हळूच म्हणाले. थोड्याच वेळात तो गोळी लागून बर्फात कोसळला, आणि शेजारी ओपा काठी टेकून उठले. "चला. यापुढे मी नाही."

समोरच्या कॅफेत मुलीने त्यांना विचारलं, "मरताना मनात काय असायचं?"

माझा कप हातातच राहिला. तिचा बाबा गेल्यापासून 'मरणं' हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नव्हता.

"दिग्दर्शक म्हणायचे, आईला आठव. मला बूट चावत असायचे." ओपांनी केकचा तुकडा तोडला. "एकदा बायको शूटिंग बघायला आली होती. घरी आल्यावर मी विचारलं, मला मरताना बघून काय वाटलं? ती म्हणाली, काही नाही. मला राग आला. मग तिने सांगितलं, आई गेली त्या दिवसापासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं."

"मग परत कधी वाटायला लागलं?" मी विचारलं.

"हळूहळू. नक्की कधी, ते तिलाही कळलं नाही. मी विचारणं सोडलं, ते मात्र तिला आवडलं."

मुलगी बशीकडे बघत होती. "मम्मा, मलाही काही वाटत नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, मी वाईट आहे."

"मलाही नाही वाटत गं."

तिने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. इतके महिने एका घरात राहून हे आम्ही एकमेकींना सांगितलंच नव्हतं. ओपा खिडकीबाहेर बघत शांतपणे केक खात राहिले.

जूनमध्ये एका सकाळी ते झोपेतच गेले. अंत्यविधीला बिल्डिंगमधली चार माणसं आणि ओपांची एक जुनी विद्यार्थिनी होती. मुलगी हमसून हमसून रडली. मला रडू आलं नाही. तिचा हात धरून उभी राहिले; तो गरम होता, घामेजलेला. बाहेर पडल्यावर तिला भूक लागली, म्हणून आम्ही कोपऱ्यावरच्या बेकरीतून ब्रेत्सेल, म्हणजे पीळ घातलेला खारा पाव घेतला आणि ट्रामच्या स्टॉपवर बसून अर्धा अर्धा खाल्ला.