मडक्यांची पंगत

जगात उभ्यानं करण्यासारखं एकही काम नाही, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे भाऊजी, ताईचे यजमान. नौपाड्यातल्या त्यांच्या घरी कुणी नुसतं वर्तमानपत्र मागायला गेलं तरी आधी पाट मांडला जाई. एकदा तर दारात आलेल्या तारवाल्यालाच त्यांनी बसवून घेतलं, गूळपाणी दिलं, त्याच्या गावाकडची चौकशी केली, आणि तोवर ताईनं आत रडून घेतलं. तार निघाली भाचा पास झाल्याची. लग्नाकार्यात पंगत मांडायला टेंभी नाक्यापर्यंतची माणसं त्यांनाच बोलावत.

ताई शहाडच्या एका भट्टीवर मातीची भांडी घडवायची. नेहमीची मडकी नव्हेत हं; मुद्दाम तिरकी, झिलई दिलेली, नव्या धर्तीची. त्या भांड्यांचं पहिलं प्रदर्शन वाचनालयाच्या सभागृहात ठरलं, आणि एखादं भांडं कायमचं ठेवून घेण्याजोगं आहे का, ते पाहायला मुंबईच्या संग्रहालयाचे साहेब येणार होते. मांडणी भाऊजींकडे. सकाळी ताई येऊन बघते तर टेबलं गायब, जमिनीवर भांड्यांच्या दोन रांगा, प्रत्येकासमोर पाट आणि भोवती रांगोळी. तिचा चेहराच उतरला. "अहो, साहेब सुटाबुटात येणार. माझं हसं होईल," एवढंच ती म्हणाली. भाऊजी रांगोळी पुरी करत राहिले. त्यांचं म्हणणं असं, की उभा माणूस बघत नाही, तो पुढे जातो. आणि घडवणारी जर बसून घडवते, तर बघणाऱ्यानं वरून का बघावं?

साहेब आले. भाऊजींनी असा काही आग्रह केला की बिचारे मांडी घालता घालता घामाघूम झाले. पण बसले ते बसलेच. चहा गार झाला तरी तिरक्या मानेच्या निळ्या सुरईवरची त्यांची नजर हलेना. शेवटी माझ्या हाताचा आधार घेऊन उठले आणि म्हणाले, ही आम्हाला हवी. भाऊजी तोवर ताईकडे वळले होते. कुठल्याही कार्यात ती कायम वाढणाऱ्यांत. "आता शेवटची पंगत," ते म्हणाले, "तू बस." ताई आपल्याच सुरईसमोर बसली आणि डोळ्यांना पदर लावत बघत राहिली.

भाऊजींना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. परवा ताईला घेऊन संग्रहालयात गेलो. सुरई काचेच्या उंच कपाटात, दिव्याखाली झळकत होती. छान ठेवलीय, ताई म्हणाली. मग आम्ही दोघं बराच वेळ तसेच उभे राहिलो, कुणीतरी बसा म्हणेल म्हणून.