माझ्या बंदुकीची आचारसंहिता

"तुम्हाला डिप्रेशन आहे," डॉक्टर बाई म्हणाल्या आणि मी चक्क हसलो. एकवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस मी. मला म्हणे मनाचा आजार!

डिप्रेशन म्हणजे नुसतं उदास वाटणं नव्हे, त्यांनी समजावलं. झोप, भूक, काम, माणसं, सगळ्यांवरून मन उडतं. माझं उडालंच होतं. तीन महिने धड झोप नव्हती. शुगर, थायरॉइड, ईसीजी सगळं नॉर्मल आलं, तेव्हा बायकोने, शोभाने, मला नगरला मानसोपचाराच्या ओपीडीत आणून बसवलं. आमच्या केडगावचं कोणी ओळखेल म्हणून मी बाकावर तोंडाला रुमाल बांधून बसलो होतो.

"जीव नकोसा वाटतो का?" बाईंनी विचारलं. मी रुमालाची घडी घालत बसलो.

"घरात फवारणीचं औषध?" "न्हाई." "बंदूक?" "न्हाई."

"हाय की," शोभा मधेच बोलली. "कपाटात हाय. परवान्याची हाय."

माझं टाळकं सरकलं. "आजार माझा, बंदूक माझी. तुमी गोळ्या लिहा आन् मोकळ्या व्हा!"

बाई चिडल्या नाहीत. "काका, निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करता ना? तुम्ही गोळीबार कराल म्हणून?"

"तसं न्हाई. दिवस नाजूक असत्यात."

"तुमचेही आहेत. आचारसंहिता लागली असं समजा. उठली की परत घ्या."

मी उठून बाहेर आलो. बारा बोअरची ती बंदूक म्हणजे माझी नोकरी होती. पतसंस्थेच्या दारात पहाऱ्याला मला ठेवलं होतं ते तिच्यामुळे. ती गेली की मी कोण? शोभाशी मी दोन दिवस बोललो नाही.

लाज सोडून सांगतो. त्या दोन दिवसांत माझी नजर सारखी कपाटाकडे जात होती. चावी शोभाने आधीच कमरेला खोचली होती. ती मागायला मी तोंड उघडलं आणि मलाच माझी भीती वाटली. म्हणालो, "चल, ठाण्यात जाऊ."

ठाण्यातले हवालदार ओळखीचे. "फौजी, आत्ता कुठली निवडणूक लागली?"

"आमच्या घरात," मी म्हणालो. जमा केल्याची पावती शोभाने रेशनकार्डाबरोबर ठेवली.

बाईंनी लिहून दिलेल्या गोळ्याही सुरू केल्या. त्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात, हे नव्याने उपचार घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. मी दुसऱ्याच आठवड्यात त्या फेकायला निघालो होतो. पाचव्या आठवड्यात एकदा मी दुसरी भाकरी मागितली, तर शोभा तव्याकडे तोंड करून रडली. नोकरीही गेली नाही. मॅनेजरने मला आत बसवलं, टोकन द्यायला.

बातमी पाथर्डीला पोचली आणि धाकटा भाऊ तणतणत आला. "डॉक्टरनं नाडी बघावी, कपाट कशाला बघावं? फौजी माणसाची अब्रू काढली!"

मी म्हणालो, "बाबा, डॉक्टर दारू किती पिता इचारतो, पोट साफ होतं का इचारतो. तिथं अब्रू जात न्हाई आन् बंदुकीत बरी जाते?"

आजही मी हेच म्हणतो, कोणाला झोंबलं तर झोंबो. आपल्याकडे परवानेवाले कमी नाहीत. डॉक्टरांनी विचारावं. पेशंटला राग येईल. मलाही आला होता. राग उतरतो, माणूस राहतो. आणि घरच्यांनो, पेशंट खोटं बोलला तर शोभासारखं मधे बोला.

मागच्या महिन्यात परवान्याची मुदत संपत आली. बंदूक अजून ठाण्यातच आहे, पण कागद जिवंत ठेवावा म्हणून फिटनेस सर्टिफिकेटसाठी दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बी.पी. बघितलं, डोळे बघितले आणि पेन काढलं. "एकदम फिट आहात फौजी."

मी कागदावर हात ठेवला. "साहेब, इचारायचं राहिलं."

"काय?"

"मला डिप्रेशन झालंय. गोळ्या चालू हायेत. आन् हा परवाना बंदुकीचा हाय."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघितलं.

"बसा," ते म्हणाले. "झोप कशी लागते?"